शिगवणकाकांचा पहारा

शिगवणकाका गेटवरच्या खुर्चीत डोळे मिटून बसायचे आणि न बघताच सांगायचे, "तीनशे चारवाला आला. चप्पल नवीन घेतलीय." गोडदेवच्या आमच्या बिल्डिंगचे ते वॉचमन, मूळचे गुहागरचे. गेल्या वर्षी गावीच वारले.

आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिली. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून मी एक व्हिडिओ गेम बनवत होते. फार जुन्या एका गेमवरून सुचलेला: महायुद्ध चालू आहे, शत्रूच्या किल्ल्यातून कैद्याला निसटायचंय. गोळ्या मोजक्या, म्हणून लढण्यापेक्षा लपायचं जास्त. घरात जागा नाही, म्हणून दुपारी सोसायटीच्या ऑफिसात लॅपटॉप घेऊन बसायचे. काका मागे येऊन उभे राहायचे.

"हा कोण?"

"पहारेकरी."

"डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो. बाय, हा टेबलफॅन आहे."

मला राग आला. "मग खरा कसा असतो ते सांगा ना."

त्यांनी खुर्ची ओढली. "आवाज झाला म्हणून कोण उठत नाही. आवाज तर असतातच. चालू असलेला आवाज बंद पडला की उठायचं. कुत्रं भुंकता भुंकता गप्प झालं, म्हणजे कोणीतरी त्याला बिस्किट टाकलंन."

मी सगळे पहारेकरी नव्याने लिहिले. काका तपासायचे. कैद्याने एखाद्याला गोळी घातली की तोंड फिरवायचे. "ड्युटीवरच्या माणसाला कशाला मारतेस? बाजूने जा की."

रिपोर्टच्या संदर्भसूचीत शेवटी मी लिहिलं: श्री. शिगवण, वॉचमन, बी विंग. आमच्या गाइड मॅडम म्हणाल्या, "हे काढ. बाहेरचे परीक्षक हसतील, मार्क जातील." मार्क मला हवेच होते, नोकरी मार्कांवरच मिळणार होती. पण पुस्तकांची नावं ठेवायची आणि ज्याने शिकवलं त्याचं खोडायचं, हे मला जमलं नाही.

गेम खेळताना परीक्षक तीनदा पकडले गेले. "मी इथे आहे हे याला कळलं कसं?"

"सर, तुम्ही जनरेटर बंद केलात."

त्यांनी सूची उघडली, शेवटच्या नावावर बोट ठेवलं. हसले नाहीत. "यांना घेऊन यायचंस," म्हणाले. वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मला पडले.

संध्याकाळी ते पान मी काकांना दाखवलं. चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचलं. मला वाटलं, आता डोळे पुसतील.

"आणि ए विंग कोण बघतं?" ते म्हणाले. "पेन आण."