मधोमध इंजिनाची गाडी
तापल्या सुताचा वास आला की मला सोलापुरातला आमचा चादरीचा कारखाना आठवतो. आणीबाणीच्या आसपासची गोष्ट. मी तिथे चादरींची नक्षी काढायचो. मालकांनी परदेशी मासिकातली दोन स्पोर्ट्स कारची चित्रं पुढ्यात टाकली आणि म्हणाले, "पोरांच्या चादरीवर यातली एक घ्या." एकीचं इंजिन पार मागे, त्यामुळे पाठ गोल, त्याच कंपनीच्या आधीच्या गाड्यांचीही म्हणे तशीच. दुसरीचं मधोमध, चालकाच्या पाठीशी, म्हणून नाक चपटं आणि रेघा सगळ्या सरळ. शेजारच्या मागावरचे म्हातारे विणकर म्हणाले, "गोल पाठीची घे की. पोरगं झोपंत बी गाडी म्हणून वळखंल." पण विणायची नक्षी ग्राफ पेपरवर एकेक चौकोन भरून काढावी लागते, त्यात गोलाई बसवायची म्हणजे जिवावर येतं, आणि मागांच्या खडखडाटात माझे डोळे आधीच शिणले होते. मी सरळ रेघांची काढली. चादर दुकानात लागली तेव्हा पहिल्याच बाईनं विचारलं, "लई भारी हाय, पण ही इस्त्री कशापायी काढलीया?" बाजारात तिचं तेच नाव पडलं. एक चादर मी घरी आणली होती. आता ती पार विरलीय. बायको तीच टेबलावर अंथरून कपड्यांना इस्त्री करते. आत्ताही करतेय, आणि खाली गाडी आहे हे सांगायचाही मला कंटाळा आलाय.