बारा बहिणींचं चित्र

ते चित्र मी ओसाकाला, एका देवळाच्या आवारात भरलेल्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात घेतलं. बँकेच्या कामासाठी गेले होते, परतीच्या गाडीला वेळ होता. विक्रेत्याने सांगितलं, कंबोडियावर फ्रेंचांचं राज्य होतं तेव्हाच्या कुठल्याशा पुस्तकातलं पान आहे, तिथल्या एका दंतकथेचं.

कथा कुठली, हे मी विचारलं नाही. गुहेत गोलाकार बसलेल्या बारा बायका, अंगावर केशरी आणि मोरपंखी वस्त्रं, आणि एक जण दुसरीच्या हातावर पानात गुंडाळलेलं काहीतरी ठेवते आहे. बहुतेकींचे डोळे मिटलेले. मला वाटलं, काय प्रसन्न चित्र आहे! कावासाकीला घरी आल्यावर मी ते फ्रेम करून लेकीच्या टेबलाच्या वर, भिंतीवर लावलं आणि तिला म्हटलं, "बघ, यांचं हळदीकुंकू चाललंय."

"ओनिगिरी वाटतायत," ती जपानीत म्हणाली. डब्यातले भाताचे गोळे तिला सगळीकडे दिसतात. आठ वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं पण उत्तर जपानीतच येतं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक कंबोडियन बाई राहतात. वृद्धाश्रमात नर्स आहेत. त्यांची मुलगी माझ्या लेकीच्या वर्गात, त्यामुळे येणंजाणं होतं. आम्हा दोघींचंही जपानी मोडकंतोडकं, पण निभतं. एका रविवारी दुपारी त्या आपल्या मुलीला न्यायला आल्या. मी हौसेने म्हटलं, "या ना, तुमच्याकडचं एक चित्र दाखवते."

त्या खोलीच्या दारातच थबकल्या. मग पर्स उघडून दोन्ही मुलींना म्हणाल्या, "जा, कोपऱ्यावरून आइस्क्रीम घेऊन या." मुली धावत गेल्या.

"हे मुलीच्या खोलीत का लावलंय?"

"का? छान आहे ना?"

"यांना राजाने आंधळं केलंय," त्या म्हणाल्या. "या सगळ्या त्याच्याच राण्या, सख्ख्या बहिणी. त्याला एक राक्षसीण भुलवते, तिचं ऐकून तो यांचे डोळे काढायला लावतो आणि पोटुशी असताना गुहेत कोंडतो. खायला काही नाही. एकेक बाळंत होते आणि..."

त्यांनी त्या पानाच्या पुडीवर बोट ठेवलं.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, पुडीत जन्मलेल्या बाळाचा वाटा होता. मी खाली बसले. आठवडेच्या आठवडे माझी लेक त्या चित्राखाली गृहपाठ करत होती. आणि मी म्हटलं होतं, हळदीकुंकू! चित्र काढणाऱ्याने तरी किती गोड रंग भरावेत?

"फक्त धाकटी खात नाही," त्या पुढे म्हणाल्या. "वाटणीला आलेलं लपवून ठेवते. तिची बाळंत व्हायची वेळ येते तेव्हा तेच सगळ्यांना देते आणि आपलं मूल वाचवते."

मी खुर्चीवर चढून चित्र उतरवलं. उलटं करून पलंगावर ठेवलं.

"माफ करा, मला खरंच माहीत नव्हतं."

"तुमचं काय चुकलं? आमच्याकडे शाळेतसुद्धा सांगतात ही गोष्ट. माझ्या घरी मात्र नाही. आईने मला आयुष्यात एकदाच मारलं. ही गोष्ट सांग म्हणून हट्ट धरला होता तेव्हा. नंतर मावशीने सांगितलं. सत्तरच्या दशकातल्या उपासमारीच्या वर्षांत, छावणीत, आईचं पहिलं बाळ गेलं. दूधच नव्हतं. खड्डा तिने हातांनी खणला."

ही बाई रोज सकाळी जिन्यात मला हसून 'ओहायो' म्हणते. तिच्या आईला मी व्हिडिओ कॉलवर पाहिलंय, नमस्कारही केलाय.

मुली परतल्या. लेकीने रिकामी भिंत पाहिली. "त्या बायका कुठे गेल्या?"

मी पलंगावरची फ्रेम उशीखाली सरकवली. शेजारीणबाईंनीच तिला जवळ बसवलं आणि जपानीत सांगितलं, की त्या एका अंधाऱ्या गुहेत अडकल्या होत्या. धाकटीचा मुलगा मोठा झाला, त्याने सगळ्यांचे डोळे परत आणले आणि त्या बाहेर आल्या.

"पण गुहेत त्या काय खात होत्या?" लेकीने विचारलं.

त्यांनी तिच्या हनुवटीवरचं आइस्क्रीम पुसलं.

"भात," त्या म्हणाल्या. "तो मुलगा रोज आणायचा."