कुंकू लावलेली मोटार

मोटार विकत घ्यायची असेल तर इंजिन गार असताना सुरू करायला सांगा, माणसं भरून चढावर न्या, आणि मगच नारळ फोडा. हे मी आज कुणालाही सांगते. तेव्हा घरात सांगितलं, तर काय ऐकावं लागलं? "बाईमाणसाला मोटारीतलं काय कळतंय?"

भोर ते कापूरहोळ उतारूंची मोटार चालवायची, असं आमच्या ह्यांच्या डोक्यात शिरलं होतं. पुण्याचा एक दलाल जुनी मोटार घेऊन दारात आला. बदल्यात त्याला आमची बैलजोडी हवी होती. ती जोडी माझ्या वडिलांनी मला दिलेली, त्यांच्याच गोठ्यात जन्मलेली.

दलाल मोटार चालवतच आला होता, त्यामुळं इंजिन तापलेलं. हँडल मारल्याबरोबर सुरू झालं. मी म्हटलं, "रातभर ऱ्हाऊ द्या हितं. सकाळी गार झाल्यावर बघू."

दलाल गोड हसला. "वहिनी, मुहूर्त टळतोय. आधी कुंकू लावा."

मेला! त्याला पक्कं ठाऊक होतं. कुंकू लावून दारात घेतलेलं जनावर आमच्याकडं माघारी देत नाहीत, लक्ष्मी परत धाडली म्हणतात. ह्यांनी मोटारीलाही तोच नियम लावला. नारळ फुटला, बैल गेले. मी चुलीपुढं बसून रडले.

सकाळी हँडल मारून मारून ह्यांचा खांदा भरून आला, तेव्हा कुठं मोटार सुरू झाली. पहिल्याच चढावर उतारूंना खाली उतरून ढकलावी लागली.

"परत द्या की," मी म्हणाले.

"पुजलेली वस्तू? लोक तोंडात शेण घालतील."

भाताची चिखलणी आली तेव्हा वडील आमच्याकडं आले. त्यांनी रिकामा गोठा बघितला, अंगणात बंद पडलेली मोटार बघितली. जावयाला काय बोलणार? माझ्याकडं वळले. "तुला इचारलं व्हतं का बैल देताना?"

ह्यांची मान खाली. सासऱ्यासमोर नवऱ्याची लाज जाऊ नये म्हणून मी म्हणाले, "व्हय आबा. मीच म्हटलं, द्या."

वडील पाणीसुद्धा न पिता निघून गेले. मरेपर्यंत माझ्याशी धड बोलले नाहीत. आणि हे तिथंच उभे होते. हिनं थांबा म्हटलं होतं, एवढं एक वाक्य ह्यांच्या तोंडून निघालं नाही.