तिकिटावरचे साडेपाच तास

ॲम्स्टरडॅम-मुंबई किती तास, असं कुणीही विचारावं, माझं उत्तर तयार असतं. जाताना साडेआठ, येताना नऊ. स्लोटरडाइकच्या आमच्या ऑफिसातले देशी लोक तिकीट काढण्याआधी मला विचारतात. या बाबतीत मी कुणाच्या बापाला ऐकत नाही.

माझ्या स्वतःच्या बापाला मात्र ऐकावं लागत होतं. आई गेल्यापासून बाबा पुण्यात एकटे. ॲम्स्टरडॅमजवळ उइटहॉर्नला आम्ही घर घेतलं त्याला चार वर्षं झाली, आणि त्यांनी ते फक्त फोनवर पाहिलेलं. दर वेळी तेच रडगाणं. "अगं, कंबर साथ देत नाही. सहा तासांच्या वर मी बसू शकत नाही." पुण्याहून मुंबईच्या टॅक्सीला त्यांची हरकत नव्हती, कारण वाटेत उतरून चहा पिता येतो. विमानात कुठे उतरणार?

मला भयंकर राग यायचा. कंबरेचा नाही, त्या हट्टाचा. आणि भीतीही वाटायची, की हे घर न बघताच हा माणूस जाईल.

शेवटी मी व्हिसाचं सगळं केलं आणि तिकीट त्यांना पाठवलं. मुंबईहून रात्री दोनला सुटणार, इथे सकाळी साडेसातला पोचणार. फोनवर ठासून सांगितलं, "वजाबाकी करा. साडेपाच तास! तुमच्या सहाच्या आत."

दोन्ही वेळा आपापल्या गावच्या, घड्याळांतल्या फरकाचे मधले साडेतीन तास गिळलेले, हे मी बोललेच नाही. बाबांनी तिकिटावरच्या वेळा मोठ्याने वाचल्या. मग म्हणाले, "बरं. येतो." मी जिंकले होते!

स्किपहोल विमानतळावर ते व्हीलचेअर नाकारून चालतच बाहेर आले. एक हात कंबरेवर. मी वाकून नमस्कार केला, तर त्यांनी मनगट माझ्या नाकापुढे धरलं. घड्याळ अजून पुण्याचंच होतं.

"सुटलं तेव्हा दोन. टेकलं तेव्हा अकरा. किती झाले?"

मी त्यांची बॅग घेतली. "नऊ," म्हटलं.

"तीस वर्षं बसडेपोत कंट्रोलर होतो मी. गाड्यांची वेळापत्रकं लावली. तिकीट बघताक्षणी कळलं होतं."

"अहो, मग आलात कशाला?"

"तू लहानपणीसुद्धा कधी खोटं बोलली नाहीस," ते म्हणाले. "आता बोलायला लागलीस, म्हटलं, जायला हवं."

मला तिथेच रडू फुटलं. लाज वाटत होती आणि त्याहून जास्त आनंद झाला होता. "पुरे, लोक बघतायत," म्हणत त्यांनी रुमाल दिला. गाडीत मी त्यांच्या पाठीशी उशी लावली. घरी पोचेपर्यंत त्यांनी सायकली मोजल्या, आकाश किती खाली आहे म्हणाले, मी आणलेल्या डब्यातला अर्धा उपमा संपवला.

आमच्या गल्लीत वळताना त्यांनी खिशातून परतीच्या तिकिटाचा कागद काढला. महिन्यानंतरचं तिकीट होतं ते.

"हे बघ. इथून सकाळी साडेअकराला सुटणार, मुंबईला रात्री साडेअकराला. तुझ्या वजाबाकीने बारा तास होतात."

"बाबा, खरे साडेआठच..."

"बारा तास मला बसवणार नाही," ते म्हणाले. "तिकीट ढकल पुढे."