माझ्या अक्षरातली तिची उत्तरं

माझी धाकटी बहीण गेल्या पावसाळ्यात गेली. तेव्हापासून एक गोष्ट सांगून टाकावीशी वाटते. खरं तर ती तिलाच सांगायची होती, पण तोंड उघडलं नाही. आता तुम्ही ऐका. मी पहिल्यापासून तिरसट, तेव्हा मध्येच माझी बाजू घ्यायला जाऊ नका. मला ते खपणार नाही.

एकोणीसशे पन्नासच्या पुढची वर्षं ती. आम्ही रत्नागिरीत राहायचो, वडील कचेरीत कारकून. लहानपणच्या एका तापात माझा डावा पाय वाळला आणि उजव्यापेक्षा आखूड राहिला. हायस्कूलचा चढ मला झेपेना, म्हणून सातवीची फायनल देऊन मी घरी बसले. पुढे, हिचं लग्न काही जमायचं नाही, निदान स्वतःच्या पायावर तरी उभी राहू दे, असं म्हणून मला मास्तरणीच्या ट्रेनिंगला घातलं. स्वतःच्या पायावर म्हणे! घरात कोणालाही त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

बहीण माझ्याहून तीन वर्षांनी लहान. नाकीडोळी नीटस, धडधाकट, हायस्कूलचा चढ पळत चढणारी. मॅट्रिकला तिचं एकच वर्ष उरलं होतं.

ट्रेनिंगला आम्हाला एक बाई होत्या. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला त्या फळ्यावर एकच प्रश्न लिहायच्या आणि सोमवारी त्याचं उत्तर वहीत मागायच्या. प्रश्न पुस्तकातले नव्हेत, आमच्याबद्दलचेच. तुम्हाला कशाची भीती वाटते? एकट्या असताना तुम्ही काय करता? "स्वतःच्या मनात डोकावायची सवय नसेल तर मुलांच्या मनात काय डोकावणार आहात तुम्ही?" असं म्हणायच्या.

मी डोकावून बघितलं हो. आत नुसता राग. पायावरचा, चढावरचा, बाजारात 'अरेरे' म्हणणाऱ्या बायकांवरचा. तो का बाईंना लिहून द्यायचा? वही कोरी घेऊन रविवारची दुपार आली. मागच्या पडवीत बहीण वालाच्या डाळिंब्या सोलत बसली होती. मी सूप पुढ्यात ओढलं, तिच्याबरोबर सोलायला लागले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गो, तुला कशाची भीती वाटते?"

"भुतांची नाही हां," ती म्हणाली. "मला ना ताई, भीती वाटते की मला कधी कोणी काही विचारणारच नाही. परस्पर सगळं ठरून जाईल."

मी आत जाऊन ते जसंच्या तसं वहीत लिहिलं, माझं म्हणून. बाईंनी खाली लाल शाईने शेरा दिला, 'प्रांजळ.' वर्गात वाचूनही दाखवलं. मला इतका आनंद झाला की लाज वाटायची राहूनच गेली.

मग तो रिवाजच पडला. शुक्रवारी फळ्यावर प्रश्न, रविवारी डाळिंब्या, सोमवारी शेरा. वहीचं मी तिला कधी बोलले नाही. बिचारीला वाटायचं, ताई आपल्याशी गप्पा मारते. रविवारची वाट बघायची ती. एकटी असताना काय करतेस, तर म्हणाली, "भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा काढते आणि मांडवीच्या बंदरातून बोट ठेवून निघते. कोलंबो, एडन, पार पुढपर्यंत. जेवायला हाक आली की परत येते." तुला सगळ्यात जास्त काय हवंय, तर क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "मॅट्रिकला बसायचंय. नापास झाले तरी चालेल गो, पण माझा नंबर लिहिलेल्या बाकावर एकदा बसायचंय." तेही मी लिहिलं. मीही मॅट्रिक नव्हतेच, कोणाला शंका यायचं कारण नव्हतं. शेरा आला, 'उत्तम.'

त्यानंतरच्या पंधरवड्यात वेळणेश्वरकडची मंडळी तिला बघायला आली. नारळी-पोफळीची बागाईत, मुलगा एकुलता एक. तिला पोहे नेऊन ठेवायला लावले, सुईत दोरा ओवायला लावला. मुलगी पसंत पडली. लग्न याच वैशाखात करू, आम्हाला थांबायचं नाही, असं सांगून मंडळी गेली. हा झाला शनिवार. आदल्या दिवशीचा फळ्यावरचा प्रश्न होता, 'तुम्हाला कोणाचा हेवा वाटतो?'

रविवारी आम्ही पडवीत बसलो. ती आज मान खाली घालून भराभर सोलत होती. खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला माझं उत्तर हवं होतं ना! मी विचारलं.

ती सुपातच बघत म्हणाली, "तुझा."

"माझा? माझ्यात काय मेलं हेवा करण्यासारखं?"

"तुझ्या पायाचा," ती म्हणाली. "माझा पाय तसा असता तर मलाही शिकवलं असतं."

माझ्या डोक्यात सणक गेली. हातातलं सूप मी असं भिरकावलं की डाळिंब्या अंगणभर झाल्या. "घे," म्हटलं, "घे माझा पाय. घालून बघ एक दिवस." ती उठली आणि एक एक डाळिंबी वेचायला लागली. 'ताई, तसं नाही गो,' असं काहीतरी म्हणत होती. मी ऐकलंच नाही. रात्री तिच्याकडे पाठ करून जेवले.

सोमवारी सकाळी मी वही पिशवीत घालत होते. हेव्याचं पान कोरंच राहिलं होतं. बाबा कोट चढवून ओटीवर आले आणि हळूच म्हणाले, "आज होकार कळवायचाय. पण तिच्या मनात काय आहे कळत नाही. मला सांगायची नाही ती, तुला सांगेल. मॅट्रिक होऊ दे म्हणत असेल तर मी स्थळ सोडतो. दुसरं मिळेल." मग चप्पल पायात सरकवत म्हणाले, "विचारतेस का तिला?"

विचारायचं काय होतं? उत्तर माझ्या पिशवीत होतं. माझ्या अक्षरात, 'उत्तम' शेऱ्यासकट. नुसतं बाबांच्या हातात द्यायचं होतं.

मी म्हटलं, "तिला काय विचारायचंय? ती तयारच आहे."

बाबांचा चेहरा उजळला. म्हणाले, "चला, बरं झालं. तू आहेस म्हणून कळतं तरी." आणि ते कचेरीत गेले.

राग तीन दिवसांत उतरला. तोवर होकार पोचला होता, सुपारी फुटायचा दिवस ठरला होता. मी अजूनही बोलू शकले असते. बाबांनी मोडलं असतं ते, नक्की मोडलं असतं. पण मग 'तू त्या दिवशी असं का म्हणालीस?' हे विचारलं असतं. त्याचं उत्तर द्यायची माझी छाती झाली नाही. माझ्या अब्रूपायी तिचं मॅट्रिक गेलं, इतकं सरळ आहे ते.

पुढच्या शुक्रवारी बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'तुम्ही कोणावर अन्याय केला आहे का?' या वेळी विचारायला बहीण नव्हती, तिला चोळ्यांची मापं द्यायला नेलं होतं. मी लहानपणी शेजारणीची पाटी फोडल्याचं लिहिलं. बाईंनी वही परत देताना माझ्याकडे रोखून बघितलं. म्हणाल्या, "हे उत्तर तुमचं वाटत नाही." अख्ख्या वहीत तेवढं एकच माझं होतं.

वैशाखात लग्न झालं. जयगडची खाडी तरीच्या होडीतून ओलांडून ती पलीकडे गेली. रुसवा नाही, रडारड नाही. निघताना माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "ताई, रविवारी मी काय करू गो?" मला हुंदका आला. सगळ्यांना वाटलं, बहिणीची माया.

चारेक वर्षांनी ती दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली. मी तोवर शाळेत शिकवत होते. तिचे हात पोफळीच्या पात्यांनी चिरलेले, बोलणं सगळं गुरांचं, सासूच्या दम्याचं, मुलाच्या खोकल्याचं. सासरी वाईट नव्हते कोणी. तेही एक. कोणाला शिव्या देऊन मोकळं व्हायची सोय नव्हती. एका दुपारी बाळाच्या दुपट्यांसाठी तिने माझी ट्रंक उघडली आणि तळातली ती वही तिच्या हाती लागली. मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत ती पडवीत भिंतीला टेकून वाचत होती. अवघडलेलं पोट, मांडीवर वही.

मी दाराला धरून उभी राहिले.

तिने आणखी दोन पानं वाचली. मग मागचं एक पान उलटून म्हणाली, "हे नकाशावरनं आगबोटीने जायचं तू करायचीस? मीसुद्धा करायची गो असं काहीतरी. की तुझंच ऐकून मला वाटतंय?"

आता बोल, मी स्वतःला म्हटलं. आता तरी बोल गो मेल्ये.

"असेल," मी म्हणाले. "आठवत नाही."

ती पुढे वाचत होती. मॅट्रिकचं पान आलं तशी तिने बोट ठेवून ते दोनदा वाचलं. वर बघितलं तेव्हा डोळे भरून आले होते. म्हणाली, "मला वाटायचं, आपल्या दोघींत तुलाच काय ते मनासारखं मिळालं. तुलाही बाकावर बसायचं होतं हे मला माहीतसुद्धा नव्हतं. एवढं मनात होतं तर बाबांना सांगायचंस की. तुझं ऐकलं असतं त्यांनी."

"राहिलं गो," मी म्हटलं.

"ये, बस इथे," ती म्हणाली. मी बसले. तिने लहानपणी करायची तसं माझा डावा पाय ओढून मांडीवर घेतला आणि त्या चिरलेल्या हातांनी चेपायला लागली. चेपता चेपता रडत होती, माझ्यासाठी. आणि मी तिला रडू दिलं.