गणपततात्या आणि तीन रेघांची तबकडी

गणपततात्या नवी रेकॉर्ड हातात आली की आधी वाजवत नसत. नखानं तिच्यावर टिचकी मारायचे आणि कान जवळ न्यायचे, बाया मडकं घेताना नेतात ना, तसा. खणखणीत आवाज आला की म्हणायचे, "सांगतीय." बद्द आला की, "चीर गेलीय हिला, मुकी झाली." लाखेच्या त्या काळ्या तबकड्या, पडल्या की मडक्यासारख्याच फुटायच्या.

तात्या बारामतीचे. एका रेकॉर्ड कंपनीची एजन्सी होती त्यांच्याकडे. एजन्सी म्हणजे काय, तर एक सायकल, कॅरियरला बांधलेला चावीचा फोनो आणि गोधडीत गुंडाळलेल्या रेकॉर्डी. इंदापूरच्या बाजाराला जाता-येता ते कळंबला आमच्या ओट्यावर टेकायचे, कारण माझे वडील, आबा, त्यांचे दोस्त. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी तेरा वर्षांची, शाळा दुसरीतच सुटलेली. मला पुन्हा अक्षर लागलं ते रेकॉर्डीच्या मधल्या गोल कागदावर. "कमळे, वाच, कोण गातंय?" मी चुकले तरी रागवायचे नाहीत. "ऱ्हाऊ दे, तीच सांगंल," म्हणायचे आणि चावी द्यायचे. जुन्या रेकॉर्डीत गाणारी बाई शेवटी आपलं नाव सांगायची, ते ऐकून मी कागदावर बोट ठेवायची. आज हे चार शब्द लिहितेय, ते त्या माणसाच्या पुण्याईनं.

आणि कंपनीवाले तरी काय एकेक काढायचे! लाल रंगाची, उन्हात धरली तर पलीकडचं दिसणारी रेकॉर्ड. चहाच्या पुड्याबरोबर फुकट मिळणारी पुठ्ठ्याची रेकॉर्ड, तिच्यावर चहाचंच गाणं. आमच्याकडची पावसाळ्यात पापडासारखी वळली. तात्या म्हणाले, "चहा उतू गेला, दुसरं काय!"

मग एका दिवाळीच्या आधी आली तीन रेघांची तबकडी. साध्या रेकॉर्डीला एका बाजूला एकच रेघ असते, सुई तिच्यातून फिरत आत जाते. हिला तीन रेघा, एकमेकींच्या मधून गेलेल्या. सुई जिच्यात पडेल तिचं गाणं. एकीत लग्नाचं गाणं, एकीत पाळणा, आणि तिसरीत एक माणूस नुसता खो-खो हसतोय. कागदावर छापलेलं, 'नशीब आजमावा'. सगळा माल खपला तर इंदापुरात दुकान लावून देऊ, असा कंपनीचा शब्द. तात्यांचे गुडघे सायकलीनं गेले होते. त्यांना ते दुकान हवं होतं.

माल खपायला लागला, पण भलत्याच कारणानं. आमच्याकडे कुठलंही मोठं काम करायचं तर देवाला फूल लावून कौल घ्यायची रीत. लोकांनी या तबकडीलाच कौल लावायला सुरुवात केली. सुनेला मूल होईल का? पाळणा लागला, होईल. तात्या हसायचे, पण गप्प राहायचे.

त्याच दिवसांत मला इंदापूरचं स्थळ आलं. बिजवर, माझ्या दुपटीहून मोठा, पण पाटाच्या पाण्याखालची जमीन. आबांचं मन होईना आणि सोडवेनाही. मध्यस्थ ओट्यावर बसलेले, तेवढ्यात तात्या बाजाराहून आले.

आबा म्हणाले, "तात्या, लावा ती तबकडी. लग्नाचं लागलं तर सोयरीक पक्की."

"आबा, चेष्टा करताय व्हय?"

"चेष्टा न्हाय. समद्या बाजारानं लावला कौल, आमीच का नको?"

तात्यांनी सुई ठेवली. लग्नाचं गाणं लागलं. आबांनी हात जोडले. मध्यस्थ म्हणाले, "झालं! आता मागं फिरायचं न्हाय." मी दारात सूप धरून उभी.

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि चालू गाण्यावरून सुई उचलली. "कमळे, हितं ये. तू ठेव."

मी सूप खाली ठेवून पुढं झाले. सुई पडली आणि तो माणूस हसायला लागला. ओटाभर हसू. मध्यस्थ लालबुंद. "परत ठेव," तात्या म्हणाले. या खेपेला पाळणा.

"बघा आबा. देव असा घडीघडीला फिरतो व्हय? ही कारखान्यातली करामत हाय. तीन रेघा हायेत, बास. मला ठावं हुतं, पर माल खपतोय म्हून मी गप ऱ्हायलो. त्यो माझा गुन्हा. पोरीचं लगीन हाय तर पोरीला इचारा की! तबकडीला काय इचारता?"

"दोस्त म्हणवता आणि चारचौघांत माझी शोभा करता?" आबा उठून आत गेले. मध्यस्थही निघाले.

तात्या तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढच्या बाजारात तबकडी उन्हात तिरपी धरून त्यांनी सगळ्यांना तिन्ही रेघा दाखवल्या. खप थांबला. कंपनीनं दुकान तर दिलं नाहीच, एजन्सीही काढून घेतली. पुढं ते बारामतीत स्टो आणि छत्र्या दुरुस्त करत. मी एकदा म्हटलं, "तात्या, माझ्यापायी तुमचं दुकान गेलं." तर म्हणाले, "येडी का काय तू! छत्रीवाल्याला बसून काम असतंय, गुडघं सुखी हायेत." ते गेल्यालाही आता किती वर्षं झाली.

त्या दिवसानंतर आबा कितीतरी महिने तात्यांशी बोलले नाहीत. पण ते स्थळ मोडलं. दोन वर्षांनी पळसदेवकडचं दुसरं आलं. मी गवारी खुडत होते. आबा वाफ्याच्या कडेला येऊन उकिडवे बसले, ढेकळं फोडत राहिले. मग जमिनीकडं बघतच म्हणाले, "कमळे, तुला कसं वाटतंय?"

आमच्या आळीत कुठल्या बापानं लेकीला असं विचारल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"घाई न्हाय," ते उठत म्हणाले. "उद्या सांग."

दुसऱ्या दिवशी मी नको म्हणाले. आबांनी डोक्याला पटका बांधला आणि पाहुण्यांना तसं सांगायला स्वतः चालत गेले.