साबणाच्या डबीतला ॲम्प्लिफायर

मला नीट ऐकू येत नाही, हे अकरावीत मी जगापासून लपवलं होतं.
एका माणसाने ते दोन मिनिटांत ओळखलं. तो माणूस काल गेला.

हणमंतकाका. लातूरला माझ्या रूमच्या खाली त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. गावाकडचं दुकान भूकंपात गेलं, मग ते लातूरला आले.

माझे कानही त्याच भूकंपातले. आठ वर्षांची होते, भिंत अंगावर आली. जीव वाचला, ऐकणं निम्म्यावर आलं.
घरच्यांनी सांगून ठेवलेलं, कुठं बोलायचं नाही. कानात मशीन दिसली की स्थळं येत नाहीत.

अशा कानांनी मी क्लासमध्ये दीडशे पोरांत बसले.

आमच्या क्लासचा नियम होता. रविवारी टेस्ट, सोमवारी मार्कांप्रमाणे जागा.
ऐकू कमी, म्हणून मार्क कमी. मार्क कमी, म्हणून जागा मागे. मागे गेलं की आणखी कमी ऐकू.
दिवाळीपर्यंत माझ्यामागे फक्त पाण्याचा माठ उरला होता.

एक दिवस वॉकमन घेऊन काकांकडे गेले. म्हटलं, आवाज कमी येतोय.
त्यांनी हेडफोन कानाला लावला आणि पटकन काढून टेबलावर ठेवला.

"वॉकमन ठीक हाय माय. एवढा मोठा आवाज तुला कमी यायलाय?"

मी रडायलाच लागले. त्यांनी चहा मागवला. बाकी काही विचारलं नाही.

चार दिवसांनी त्यांनी साबणाची डबी हातात दिली. आत ॲम्प्लिफायर, नऊ व्होल्टची बॅटरी, बाहेर बारकासा माईक आणि माझाच हेडफोन. ओढणीखाली मस्त लपायचं सगळं.
अट एकच. रोज संध्याकाळी येऊन कसं ऐकू आलं ते सांगायचं.

मी रोज सांगायचे, "लई भारी, काका."

साफ खोटं. त्यात पंखा विमानासारखा ऐकू यायचा आणि सर पंख्याच्या पलीकडे कुठंतरी.

रविवारी मार्क आणखी घसरले. काकांनी विचारलंच.
"लई भारी ऐकू येतंय तर मार्क कुठं गेले?"
"काका, तुम्ही एवढ्या मायेनं करून दिलं. नावं कशी ठेवू? आई म्हणते, दानाच्या गाईचे दात मोजू नयेत."
ते खवळले. "ही गाय हाय का? मोज दात! मला तक्रार पाहिजे. तुझ्या 'लई भारी'नं मी कुठला कंडेन्सर बदलू?"

मग मी वही केली. ती अजून आहे माझ्याकडे.

"सोमवार. सरांपेक्षा पंखाच जास्त शिकवतो."
"मंगळवार. पंखा कमी. शेजारची पेन चावते ते स्पष्ट ऐकू येतं. सर डब्यातून बोलल्यासारखे."
"गुरुवार. मान हलवली की वायर घासते. खरखर."
"शनिवार. सर हळूच काहीतरी गमतीचं बोलले. मी सगळ्यांबरोबर हसले. एरवी बाकीचे हसले की मग हसते."

शनिवारची ओळ काकांनी वाचली. मग परत वाचली.

आणि पुढच्याच आठवड्यात सरांना वायर दिसली.

"गाणी ऐकते का क्लासमध्ये?"
आता काय म्हणावं मला? मी म्हटलं, "हो सर."
दीडशे पोरांसमोर बहिरी ठरण्यापेक्षा टवाळ ठरलेलं बरं वाटलं.
डबी जप्त. उद्या पालक घेऊन ये, नाहीतर येऊ नको.

गाव लांब. काकांनाच नेलं. जिन्यात हात जोडले, "काका, गाणीच ऐकत होती म्हणा."
"मी न्हाई खोटं बोलणार. आन् तुझ्या वाटचं खरंही बोलणार न्हाई. तुझे कान हायत, तू सांग."

केबिनमध्ये सर माझ्याकडे बघत होते, काका छताकडे.
शेवटी मीच तोंड उघडलं.
"सर, मला ऐकू येत नाही. ती ऐकायची मशीन आहे."

आयुष्यात पहिल्यांदा बोलले हे वाक्य.

मग काका म्हणाले, "सर, एकदा शेवटच्या बाकावर बसून हे लावून बघा."
आणि सर खरंच गेले. दुसरे सर फळ्याजवळ उभे राहून बोलले. आमच्या सरांनी डोळे मिटून ऐकलं, मग हेडफोन काढला.
"पंख्याचा आवाज फार येतो हो."
"आधी लई होता सर. पोरीनं तक्रारी केल्या म्हणून एवढा तरी कमी झाला."

सोमवारी यादी लागली. मार्क माझे होते तेवढेच. नाव मात्र पहिल्या बाकावर होतं.

तिथून नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग, मग नांदेडलाच नोकरी, संसार. आता कानात मशीन उघडी दिसते. नवऱ्याला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. चहा प्यायच्या आधी.

मागच्या महिन्यात काकांना भेटायला लातूरला गेले. वयानं त्यांचे कान पार गेले होते, सगळे पाटीवर लिहूनच बोलायचे. चांगला, खिशात मावणारा, माईक-हेडफोनवाला ॲम्प्लिफायर घेऊन गेले होते मी. त्यांच्या कानाला लावला. फुल व्हॉल्यूम. बोलत बोलतच पाटीवर लिहून विचारलं, कसं ऐकू येतंय?

त्यांनी बराच वेळ कान दिला.

"खरं सांगू का माय? काहीच ऐकू येईना."

मी काढायला हात पुढं केला, तर त्यांनी तो धरला.

"काढू नको. बोलत राहा. तू आलीस, लई बरं वाटायलंय."

मी तासभर बोलले. त्यांनी हात सोडला नाही.

हणमंतकाका, तुमच्या पोरीचा शेवटचा नमस्कार.